घुमान ते कर्तारपूर: रावीच्या दोन्ही काठांवरची माणसं

मुंबई सेंट्रलहून सुटणारी गोल्डन टेंपल मेल म्हणजे जुनी फ्रंटियर मेल. १९२८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाहोर, रावळपिंडी करत थेट पेशावर गाठायची. आता ती अमृतसरला संपते. मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी नांदेडची सचखंड एक्सप्रेस आहे, तीही अमृतसरपर्यंतच. तिथून पुढे पन्नासेक किलोमीटरवर डेरा बाबा नानक हे गाव लागतं आणि गावाबाहेर शेतातून सीमा जाते. सीमेपलीकडे साडेचार किलोमीटरवर, पाकिस्तानात, कर्तारपूरचा गुरुद्वारा दरबार साहिब. गुरू नानकांनी शेवटची वर्षं काढली ती ही जागा. भारतातला आणि पाकिस्तानातला साधा माणूस व्हिसाशिवाय समोरासमोर बसून बोलू शकेल, अशी ही जागा.

हा प्रवास फेब्रुवारी २०२५ मधला. त्यानंतर एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला. डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसं त्यात गेली. ७ मे २०२५ पासून कर्तारपूर कॉरिडॉर, म्हणजे डेरा बाबा नानकहून या गुरुद्वाऱ्यापर्यंत व्हिसाशिवाय जाण्याचा मार्ग, भारताच्या बाजूने बंद करण्यात आला आणि हे लिहिताना तो बंदच आहे. तरी सगळं तपशिलात लिहून ठेवत आहोत. याआधीही मार्च २०२० मध्ये करोनामुळे तो बंद झाला होता आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडला. दोन्ही देशांमधल्या कराराची मुदतही ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच वर्षांनी वाढवलेली आहे. उघडेल तेव्हा जाणाऱ्याला हे उपयोगी पडेल.

निघण्याआधी: परवानगीचं काम

व्हिसा लागत नाही, पासपोर्ट मात्र लागतोच. कोणत्याही धर्माचा भारतीय जाऊ शकतो. अर्ज गृहमंत्रालयाच्या 'प्रकाशपर्व ५५०' या संकेतस्थळावर भरायचा आणि त्यातच जाण्याची तारीख निवडायची. मंजुरीचा कागद, ज्याला सगळे ईटीए म्हणतात, जाण्याच्या तीन-चार दिवस आधी ईमेलवर येतो. म्हणजे रेल्वेचं तिकीट मंजुरीच्या आधीच काढावं लागतं. अमृतसरमध्ये एक जादा दिवस हाताशी ठेवूनच आरक्षण करा.

मराठी माणसांचे अर्ज दोन ठिकाणी अडतात. पहिली अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका ओळीत असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. अर्जात ते आधारकार्डाच्या क्रमाने भरलं की जुळत नाही. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर भरा. दुसरी अडचण पत्त्याची. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन येतो, तो पत्ता जिथला असेल तिथून. राहता पुण्यात आणि पत्ता साताऱ्याचा असेल, तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.

नियम थोडक्यात असे. सामान सात किलोपर्यंत, पाण्याची बाटली धरून. सोबत जास्तीत जास्त ११,००० रुपये. पाकिस्तानचं सेवाशुल्क माणशी २० डॉलर, तिथल्या खिडकीवर रोख. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या असू द्या आणि त्या आपल्या गावातून किंवा अमृतसरमधूनच बदलून न्या. तेरा वर्षांखालची मुलं आणि पंचाहत्तरीच्या पुढची माणसं यांनी गटातून जायचं. त्याच दिवशी परत यायचं, मुक्काम नाही.

दिवस पहिला: अमृतसर आणि अटारी

सुवर्णमंदिराबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून एवढंच सांगतो की पहाटे जा. परंपरा सांगते की या मंदिराची पायाभरणी लाहोरचे सुफी संत मियाँ मीर यांच्या हातून झाली. पुढच्या दोन दिवसांत जे दिसतं त्याची मुळं किती जुनी आहेत, ते यावरून कळावं.

तिथून चालत दहा मिनिटांवर टाउन हॉलच्या इमारतीत फाळणीचं संग्रहालय आहे. २०१७ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. दोन तास लागतातच. दंगलींची दालनं पाहून होतात, पण पाय खिळतात ते ध्वनिमुद्रित मुलाखतींपाशी. शेजाऱ्यांनी धान्याच्या कोठीत लपवलं, गावच्या मुसलमान किंवा शीख मित्राने रात्रीतून छावणीपर्यंत पोचवलं, अशा आठवणी पुन्हापुन्हा ऐकू येतात. हेडफोन लावून निदान दोन मुलाखती पूर्ण ऐका. कर्तारपूरला भेटणारी म्हातारी माणसं काय बोलताहेत, ते त्यानंतर जास्त समजतं.

दुपारचं जेवण केसर दा ढाबा. हा ढाबा मूळचा शेखुपुऱ्याचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला, फाळणीनंतर अमृतसरला आला. काळ्या उडदाची 'माह दी दाल' मंद आचेवर तासन्‌तास शिजते आणि वर तुपाची धार. सोबत लच्छा पराठा, शेवटी मातीच्या वाटीत फिरनी. दोघांत एक थाळी पुरते, तूप फार असतं.

अटारी-वाघा सीमेवरची संध्याकाळची कवायत पाहायची असेल तर अमृतसरहून तीस किलोमीटर धरा. थंडीत ती साडेचारच्या सुमारास सुरू होते, पण जागेसाठी तीनपर्यंत पोचावं लागतं. पिशव्या आत नेऊ देत नाहीत. पायांची उंच उसळी, घोषणा, दोन्हीकडचे भोंगे, हे सगळं पाहण्यासारखं आहे. मात्र त्यावरून पलीकडच्या माणसांचा अंदाज बांधू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. झेंडे उतरल्यावर गर्दी पांगते, तेव्हा दोन्हीकडची पोरं फाटकाच्या दिशेने येऊन एकमेकांना हात करतात. बरेचजण तोवर गाडीकडे धावलेले असतात. थांबा थोडं. (एप्रिल २०२५ नंतर फाटक बंद ठेवूनच कवायत होते आणि जवानांचं हस्तांदोलनही थांबलंय.)

याच अटारीवर नव्वदच्या दशकापासून १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मेणबत्त्या लावल्या जातात. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ती प्रथा सुरू केली आणि हिंद-पाक दोस्ती मंचासारख्या संस्थांनी ती चालू ठेवली. कधी दोनशे माणसं येतात, कधी वीस. संबंध बिघडलेल्या वर्षीही कुणी ना कुणी येतंच, हे महत्त्वाचं.

दिवस दुसरा: घुमान आणि डेरा बाबा नानक

बहुतेक यात्रेकरू अमृतसरहून सकाळी निघून थेट कर्तारपूरला जातात. मराठी माणसाने मात्र एक दिवस जास्त काढून घुमान करावं. अमृतसरहून मेहता चौकमार्गे सव्वा-दीड तास. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना गहू आणि फुललेली मोहरी. फेब्रुवारीत सकाळचं धुकं नऊपर्यंत उठतं. डिसेंबर-जानेवारीत कधीकधी दुपारपर्यंत उठत नाही आणि गाड्या सहा-आठ तास उशिरा धावतात, हे ध्यानात ठेवा.

घुमान संत नामदेवांचं. पंढरपुरात आपण नामदेव पायरीवर डोकं ठेवतो, तर पंजाबातले लोक मानतात की बाबा नामदेव शेवटची वर्षं इथे राहिले आणि इथेच गेले. समाधीवर घुमटाचं देऊळ आहे आणि तिथली सेवा गुरुद्वाऱ्यासारखी चालते. पंजाबी पंचांगाच्या माघ महिन्यात, जानेवारीच्या मध्यावर इथे मोठी जत्रा भरते. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं होतं, ते गावकऱ्यांना अजून आठवतं. "महाराष्ट्र तों आए हो?" म्हटलं की चहा आलाच. तो नाकारू नका. लंगरमध्येही बसवतील.

नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे रावीपलीकडे कर्तारपूरला ग्रंथ उघडला जातो, तेव्हा त्यात पंढरपूरच्या नामदेव शिंप्याचे शब्दही असतात. पाकिस्तानात भेटलेल्या माणसाला 'मी बंबईकडचा' म्हणण्यापेक्षा 'भगत नामदेवांच्या मुलखातला' म्हणून पाहा. ग्रंथ वाचणारा ग्रंथी असो की नानकांच्या जन्मगावाहून, ननकाना साहिबहून आलेलं शीख कुटुंब, बोलण्याची तऱ्हाच बदलते.

घुमानहून बटालामार्गे डेरा बाबा नानक दीड ते दोन तासांवर. मुक्काम इथेच करावा. गुरुद्वाऱ्याच्या सराईत साधी खोली मिळते, शनिवार-रविवारी दुपारीच पोचावं लागतं. गावातल्या चोला साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू नानकांना बगदादला भेट मिळालेला म्हणून जपलेला चोला, म्हणजे अंगरखा आहे. त्यावर अरबी अक्षरं आणि कुराणातली वचनं भरलेली आहेत.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर शेतकऱ्यांशी बोला. सीमेचं तारेचं कुंपण प्रत्यक्ष रेषेच्या बरंच अलीकडे, आपल्याच हद्दीत आहे. कुंपणापलीकडे ज्यांची शेती आहे, त्यांना सीमा सुरक्षा दलाचं ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळेत फाटकातून जावं लागतं. ऊस किंवा उंच वाढणारं पीक तिथे घेऊ देत नाहीत, कारण नजरेला आड येतं. पलीकडचा शेतकरी मात्र रेषेपर्यंत नांगरतो. दोघांमध्ये एक बांध, पाणी तेच, तणही तेच. बोलायला बंदी आहे. पण पलीकडच्या म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर यंदा दिसला नाही, मुलगाच येतोय, एवढं इकडच्यांच्या लक्षात असतं.

दिवस तिसरा: कर्तारपूर

सीमेवरचं प्रवासी टर्मिनल उघडण्याच्या आधी अर्धा तास रांगेत उभे राहा. हा सगळा दिवस तासांच्या हिशेबावर चालतो. पहिल्या तुकडीत गेलात तर पलीकडे पाच-सहा तास मिळतात, अकराला पोचलात तर जेमतेम तीन. दर्शनाला एक तास पुरतो. उरलेला वेळ माणसांसाठी असतो, आणि तोच कमी पडतो.

भारतीय बाजूला ईटीए आणि पासपोर्ट तपासणी, सामानाची झडती, मग पोलिओचे दोन थेंब. मोठ्यांनाही देतात, पाकिस्तानात पोलिओ अजून संपलेला नाही म्हणून. ईटीएच्या दोन छापील प्रती ठेवा. फोनमधली प्रत प्रत्येक खिडकीवर चालत नाही. तिथून ई-रिक्षा शून्य रेषेपर्यंत. रेषेपलीकडे पाकिस्तानी रेंजर्स कागद पाहतात. पुढच्या इमारतीत वीस डॉलर भरायचे, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, गळ्यात ओळखपत्र घालायचं. मग बस. रावीवरचा पूल ओलांडला की उसाची, गव्हाची शेतं आणि पांढराशुभ्र घुमट.

आवार प्रचंड आहे. चारही बाजूंनी कमानींचे व्हरांडे, मधे मूळ गुरुद्वारा. नानकांनी आयुष्यातली शेवटची अठरा वर्षं इथे काढली, स्वतः शेत कसलं, १५३९ मध्ये इथेच गेले. कथा अशी की हिंदूंना दहन करायचं होतं आणि मुसलमानांना दफन. चादर उचलली तर खाली फुलं. ती वाटून घेतली. म्हणून आत समाधी आहे आणि बाहेर अंगणात मजार. मजारीपाशी स्थानिक मुसलमान बायका डोक्यावर ओढणी घेऊन दुआ मागतात, आणि त्यांच्याच मागे लुधियान्याहून आलेल्या बायका मत्था टेकतात. एकच रांग असते. डोकं झाका, रुमाल घरूनच न्या. अनवाणी चालायचं असतं. फेब्रुवारीत संगमरवर बर्फासारखा असतो, जूनमध्ये चटके बसतात. सतरंज्यांच्या पट्टीवरून चला.

आता माणसं. रविवारी लाहोर, सियालकोट, नारोवालहून पाकिस्तानी कुटुंबं सहलीला येतात. शाळांच्या सहलीही असतात. सिंधमधले हिंदू येतात. आवारात एकमेकांना भेटायला, बोलायला मोकळीक आहे. बाहेर मात्र जाता येत नाही. पंजाबी माणसं पहिला प्रश्न गावाचा विचारतात: "तुहाडा पिंड केहड़ा?" नाव, धर्म, देश नंतर. आपलं गाव महाराष्ट्रातलं म्हटलं की मुंबई, सिनेमे, क्रिकेट यांवर गाडी येते. कराचीहून आलेलं कुणी भेटलं तर विषय रंगतो. त्या शहरातली नारायण जगन्नाथ वैद्य शाळा १८५५ ची, एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही चालू आहे.

लंगरच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा दिसतो. नारोवालजवळच्या गावातला. नातू खुर्ची धरून उभा. समोर होशियारपूरचा मध्यमवयीन सरदार उकिडवा बसलाय. म्हाताऱ्याचं जन्मगाव या सरदाराच्या गावापासून चार मैलांवर, आणि तो मुद्दाम तिथे जाऊन फोनवर फोटो काढून आलाय. म्हाताऱ्याला पडद्यावर बोट धरता येत नाही, तेव्हा नातू फोटो मोठा करतो. "खूह कित्थे आ?" विहीर कुठे आहे? विहीर बुजवून तिथे पाण्याची टाकी बांधली आहे. म्हातारा टाकीचा फोटो पुन्हा मागतो. मग टाकीपासून उजवीकडे बोटाने हवेत रस्ता काढत जातो, तिसरं घर आमचं म्हणतो. सरदार म्हणतो, तिथे आता अमक्याची म्हैस बांधलेली असते. दोघं हसतात. पुढचा अर्धा तास बोलणं त्या म्हशीवर, दुधाच्या भावावर आणि गव्हाच्या नव्या वाणावर चालतं.

जानेवारी २०२२ मध्ये फाळणीत ताटातूट झालेले दोन भाऊ ७४ वर्षांनी याच आवारात भेटले. एक बठिंडा जिल्ह्यातला, दुसरा फैसलाबादचा. त्यांचा शोध 'पंजाबी लहर' या पाकिस्तानातल्या यूट्यूब वाहिनीमुळे लागला होता. अशा भेटी आपोआप घडत नाहीत, त्यामागे महिनोन्‌महिने फोनाफोनी असते. ओळखीच्या कुणाला तिथे भेटायचं असेल तर पुढच्या गोष्टी सांभाळा.

तारीख पलीकडच्याला कळवा ती ईटीए हातात आल्यावरच. पाकिस्तानी माणूस स्वतःचं ओळखपत्र घेऊन कुठल्याही दिवशी येऊ शकतो, अडकलेली बाजू आपली असते. भेटीची जागा आणि वेळ आधीच पक्की करा. भारतीय सिमकार्डच्या भरवशावर राहू नका. नानकांच्या विहिरीपाशी किंवा लंगरच्या दारात, अशी चुकणार नाही ती जागा धरा. आणि पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. 'दहाला भेटू' म्हणून दोघं ठरवतात, इकडचा दहाला उभा राहतो आणि तिकडचा आपल्या साडेदहाला येतो. सहा तासांच्या भेटीत अर्धा तास असा गेला की फार चुटपुट लागते. कुणाची वेळ, ते बोलून घ्या.

भेटवस्तू सात किलोंत बसल्या पाहिजेत. पंजाबी घरं पिन्नी (कणकेचे लाडू), शाल, जुने फोटो नेतात. काहीजण गावची मूठभर माती. आपल्याकडून चिक्की, बाकरवडी उत्तम, टिकतात आणि सांडत नाहीत. फेब्रुवारीत तिळगूळही घरात असतोच. तिळगुळाची तिकडच्यांना ओळख आहे, थंडीत तीळ-रेवडी तेही खातात. पातळ पदार्थ, मोठे डबे-बाटल्या टाळा, झडतीत वेळ जातो. तिकडून अजरक शाल, एखादा लॉनचा, म्हणजे तलम सुती कापडाचा ड्रेस भेट मिळतो. आवारातल्या बाजारात खरेदी करायची तर मोजकीच, परतताना कस्टममध्ये विचारतात.

लंगर चुकवू नका. पंगतीत मधे जागा सोडून बसू नका, सरकून बसा. शेजारी कोण येईल ते तिथेच ठरतं. रोटीला 'प्रशादा' म्हणतात आणि ती दोन्ही हात पसरून घ्यायची. डाळ, मिक्स भाजी, भात, खीर. वाढणाऱ्यांत गळ्यात ओळखपत्र लटकवलेला लुधियान्याचा पोरगा आणि नारोवालचा मुसलमान सेवादार एकाच बादलीची दोन टोकं धरून चालतात. जेवण झाल्यावर भांडी घासायला अर्धा तास उभे राहा. ताटं पुसता पुसता गप्पा जितक्या मोकळ्या होतात, तितक्या फोटो काढताना होत नाहीत.

एकच सावधगिरी. सैन्य, बंदोबस्त, रेल्वे यांवर बोलू नका, सीमेच्या चौक्यांचे फोटो काढू नका, कुणी पाकीट पोचवायला दिलं तर घेऊ नका. पलीकडची समंजस माणसंही हे विषय स्वतःहून काढत नाहीत.

परतीची शेवटची वेळ सकाळीच विचारून ठेवा. बसला रांग लागते, म्हणून त्या वेळेच्या तासभर आधी उठा. सगळ्यात जास्त उशीर होतो तो निरोपात. एकदा गळाभेट झाली की पुन्हा दहा मिनिटं बोलणं सुरू होतं.

दिवस चौथा: परत

डेरा बाबा नानकहून अमृतसरला पॅसेंजर गाडी आहे, बसही आहेत. फाळणीआधी हा रेल्वेमार्ग रावी ओलांडून नारोवालपर्यंत जायचा. परतीची मेल रात्रीची असेल तर दुपारी अमृतसरी कुलचा आणि पापड-वड्यांची खरेदी होऊन जाते.

भेटलेल्यांचे फोटो त्याच आठवड्यात पाठवा. नंतर राहून जातं, आणि तिकडे घरातली वडीलधारी माणसं वाट पाहत असतात. नंबर घेताना नावासोबत गावही लिहून ठेवा. आम्हाला मिळालेल्या नंबरांपैकी काही मे महिन्यात गप्प झाले. काहींनी मात्र ऑगस्टमध्ये रावीला पूर आला आणि गुरुद्वाऱ्याच्या आवारात पाणी शिरलं तेव्हा आपणहून फोटो पाठवले आणि 'तुमच्याकडे सगळे ठीक ना?' असं विचारलं. पंजाबच्या आपल्या बाजूलाही त्या दिवसांत गावंच्या गावं पाण्याखाली होती.

सध्या करण्यासारखं एवढंच: घुमानची माघातली जत्रा गाठा, डेरा बाबा नानकला एक मुक्काम करा, शेतकऱ्यांशी बोला. आणि पासपोर्टची मुदत व पत्ता आत्ताच तपासून दुरुस्त करून घ्या, कारण कॉरिडॉर उघडल्यावर पहिल्या महिन्यातल्या तारखा भराभर संपतील.